मेनच्या कॅप आवळल्या की क्रँक जाम होते, म्हणून बेरिंग घासायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांचा १९७४ सालचा मॅसी फर्ग्युसन १०३५, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन. गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा, म्हणून इंजिन उघडलं. तालुक्याच्या वर्कशॉपमधून क्रँक ‘वीस’ला घासून आणली (म्हणजे व्यासात वीस थाउ, इंचाचे वीस हजारांश, कमी करून), दुकानातून वीसचाच मेन आणि कनेक्टिंग बेरिंगचा सेट घेतला. आता ब्लॉकमध्ये नुसती क्रँक ठेवून मेनच्या, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेरिंगच्या, चारही कॅप टॉर्कला (ठरलेल्या जोराला) आवळल्या, तर ती हाताने जागची हलत नाही. एक मिस्त्री म्हणतो स्क्रेपरने बेरिंग थोडं घासून घेऊ, गाडी चालली की बसेल. दुसरा म्हणतो कॅपखाली पत्र्याची पातळ पन्नी घालू. दोघांपैकी कुणाचं ऐकावं?

कुणाचंच नाही. दोन्ही उपायांनी क्रँक फिरेल, ट्रॅक्टर सुरूही होईल, आणि एखाद्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली इंजिन पुन्हा उघडावं लागेल. नव्या सेटवर काहीही करायचं नसतं. ते मापाचंच येतं, आणि त्यात क्रँक अडकत असेल तर दुसरं काहीतरी मापात नाही. ते काय, हे शोधायला तुम्हाला अर्धा दिवस लागेल. आधी मात्र दोन्ही मिस्त्र्यांचं काय चुकतंय ते सांगतो, कारण उद्या तिसरा कुणीतरी हेच सांगणार आहे.

स्क्रेपरवाल्याला मी अडाणी म्हणणार नाही. ती कला खरी आहे, फक्त ती वेगळ्या बेरिंगची आहे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये कथलाचा मऊ मिश्रधातू बेरिंगसाठी काढला. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात ८९ टक्के कथील, साडेसात टक्के अँटिमनी आणि साडेतीन टक्के तांबं असतं. १९१७ मध्ये निघालेल्या फोर्डसन मॉडेल एफसारख्या ट्रॅक्टरमध्ये, जॉन डिअरच्या सुरुवातीच्या दोन सिलिंडरच्या गाड्यांमध्ये आणि आपल्याकडच्या विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनांत हा पांढरा धातू वितळवून थेट जागेवर ओतलेला असायचा. ओतलेला धातू काही मापाचा निघत नाही. म्हणून जर्नलला (क्रँकच्या बेरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) निळा रंग लावायचा, क्रँक फिरवायची, जिथे रंग लागला तो उंचवटा स्क्रेपरने उतरवायचा, पुन्हा रंग, पुन्हा स्क्रेपर, असं करत सगळीकडे सारखा स्पर्श येईपर्यंत जायचं. कॅपखाली पितळी शिमांची (पातळ पट्ट्यांची) चळत असे. बेरिंग झिजलं की त्यातली एक शिम काढली, काम झालं. धातूचा थर चांगला जाड असल्यामुळे हे सगळं चालून जाई. शिमवाल्या मिस्त्रीचं ज्ञानही तिथलंच आहे. तुमच्या घरी उद्या फोर्डसन आली तर या दोघांनाच बोलवा.

तुमच्या १०३५ चं हे इंजिन पर्किन्सच्या घराण्यातलं, ए.डी. ३.१५२. बोअर ३.६ इंच, स्ट्रोक ५ इंच, म्हणजे अडीच लिटर. आपल्याकडे मॅसी बनवणारी टॅफे कंपनी १९६० मध्ये मद्रासला निघाली आणि इंजिनं तिथल्याच सिम्पसनने पर्किन्सच्या परवान्याखाली बनवली. यातली बेरिंगं पातळ भिंतीच्या शेलची, म्हणजे दोन अर्धगोल तुकड्यांची आहेत. पाठ पोलादाची, तिच्यावर तांबं-शिसं किंवा ॲल्युमिनियम-कथिलाचं अस्तर, आणि त्याच्यावर मऊ धातूचा मुलामा. हा मुलामा साधारण एक थाउ, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर जाड. स्क्रेपरचा पहिला हात फिरला की तो गेला. जर्नलवर आलेला बारीक कचरा पोटात घेणारा आणि इंजिन सुरू होतानाचं पहिलं घासणं सोसणारा थर हाच, आणि आपण तोच खरवडून काढतो. शिवाय बऱ्याच शेलची भिंत सगळीकडे सारखी जाड नसते. मधे जाड आणि सांध्याकडे किंचित पातळ ठेवलेली असते, म्हणजे ऑइलची पाचर नीट धरते आणि कॅप थोडी सरकली तरी कडा क्रँकला लागत नाही. हा आकार हाताने कुणालाही पुन्हा आणता येत नाही.

पन्नीची गोष्ट वेगळी आणि जास्त धोक्याची. नवा शेल कॅपमध्ये नुसता दाबून बसवा आणि सांध्यावर बोट फिरवा. त्याचं टोक कॅपच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर लागेल. ती चूक नाही, ती मुद्दाम ठेवलेली वाढ आहे. कॅप आवळली की वरचा आणि खालचा शेल एकमेकांच्या टोकांवर दाबले जातात आणि ब्लॉकच्या भोकाला पाठीने घट्ट चिकटतात. शेल फिरू नये ही जबाबदारी या दाबाची आहे. शेलला बाजूला जी छोटी जीभ असते ती फक्त बसवताना जागा दाखवायला असते, तिच्या जिवावर शेल थांबत नाही. कॅपखाली पन्नी घातली की हा दाब जातो. मग शेल थोडा थोडा हलतो, पाठीची उष्णता ब्लॉकमध्ये उतरत नाही, आणि एके दिवशी जीभ मोडून शेल फिरतो, ऑइलचं भोक झाकतं. त्यानंतर क्रँक वाचत नाही. कॅपचा सांधा कानशीने घासून बेरिंग ‘टाइट’ करणारेही भेटतील. तेही तितकंच वाईट, कारण त्याने ब्लॉकचं भोक कायमचं अंडाकार होतं.

आता तुमची क्रँक का अडकते ते पाहू. कॅप सगळ्या उघडा. मागच्या टोकाला दोरीचं सील घातलं असेल तर ते आधी काढून ठेवा, कारण नवीन दोरी इतकी आवळते की बेरिंग जाम आहे की सील, ते हाताला कळतच नाही. क्रँक उचला, चारही जागा पुसा. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे राहतात. जुनी धुतलेली सुती साडी किंवा धोतर उत्तम.

पहिलं बघा कॅपवरचे नंबर. मेनच्या कॅप ब्लॉकला बसवून मग एकत्र बोअर केलेल्या असतात, म्हणून दोनची कॅप तीनवर चालत नाही आणि उलटी फिरवूनही चालत नाही. नंबर पुसले गेले असतील तर ब्लॉकवरचे आणि कॅपवरचे जुने सेंटर-पंचाचे ठिपके शोधा. ज्या गाडीचं इंजिन दोन-तीनदा उघडलं गेलंय तिथे कॅपची अदलाबदल ही अगदी नेहमीची भानगड आहे. दोघा मिस्त्र्यांनी एकाच इंजिनावर वेगवेगळ्या बाजूने नंबर टाकलेलेही पाहिलेत.

मग शेलच्या पाठीमागे बघा. पाठ आणि ब्लॉकचं भोक, दोन्ही कोरडी आणि स्वच्छ हवीत. ऑइल फक्त आतल्या बाजूला. पाठीमागे अडकलेला एक वाळूचा कण शेलला आतून फुगवटा आणतो, आणि दोन-अडीच थाउच्या जागेत एवढा फुगवटा पुरतो. ब्लॉकच्या कडेला पाना लागून उठलेली बर (धातूची कुसळी) असेल तर बारीक तेलदगडाने फक्त ती बर उतरवा. ऑइलच्या भोकाचा शेल ब्लॉककडे गेलाय ना आणि भोक समोरासमोर आलंय ना, हेही इथेच बघून घ्या.

सेट खरोखर वीसचाच आहे का? खोक्यावर जाऊ नका. शेलच्या पाठीवर ०२० किंवा ०.५० असा शिक्का असतो. तोही पुसट असेल तर जाडी मोजा. वीसचा शेल स्टँडर्डपेक्षा वीस नाही, दहा थाउ जाड असतो, कारण वीस ही व्यासातली घट आहे आणि ती दोन बाजूंना वाटली जाते. जुना शेल न झिजलेल्या जागी मोजून तुलना करता येते. आतल्या गोलाईसाठी मायक्रोमीटरच्या टोकाला लहान स्टीलची गोळी धरून मोजा आणि गोळीचं माप वजा करा. दुकानदाराने एका खोक्यात तीन वीसचे आणि एक तीसचा असा सेट देणं हे काही आश्चर्य नाही, विशेषतः खोकं आधी फोडलेलं असेल तर.

इथवर सगळं ठीक असेल तर क्रँकच मोजावी लागेल, आणि माझा संशय खरा तिथेच आहे. या इंजिनाची मेन जर्नल स्टँडर्डला पावणेतीन इंचापेक्षा जेमतेम एक-दीड थाउने कमी असते, कनेक्टिंगची पिन तशीच सव्वादोन इंचाला. वीसला घासली म्हणजे त्याच मापातून आणखी वीस थाउ जायला हवेत. पण ग्राइंडिंगवाल्यांची एक जुनी सवय आहे: थोडं जाड ठेवायचं, ‘रनिंगमध्ये बसेल’ म्हणत. अठरा-एकोणीस थाउच घासलं आणि बेरिंग बरोबर वीसचं बसवलं, तर जी अडीच थाउची जागा राहायला हवी ती अर्धा ते दीड थाउच राहते. चार मेनपैकी एकीवर जरी असं झालं तरी क्रँक जड होते.

मोजताना प्रत्येक जर्नल दोन जागी मोजा, दोन्ही कडांजवळ. प्रत्येक जागी काटकोनात दोनदा. चार जर्नलचे सोळा आकडे कागदावर लिहा. एकाच जर्नलच्या आकड्यांत दीड थाउपेक्षा जास्त फरक असेल तर ती गोल नाही किंवा निमुळती आहे, आणि ताज्या ग्राइंडिंगनंतर तर असा फरक असायलाच नको. आणखी एक, मे महिन्यात अंगणात उन्हात ठेवलेली क्रँक आणि सावलीतला मायक्रोमीटर घेऊन मोजू नका. वीस अंशांच्या फरकाला पावणेतीन इंचाचं पोलाद अर्ध्या थाउपेक्षा जास्त वाढतं. दोन्ही वस्तू रात्रभर एकाच खोलीत राहू द्या आणि सकाळी मोजा.

मापात येत असेल तर कोपरे बघा. जर्नल जिथे क्रँकच्या पाळीला मिळते तिथे गोलाई ठेवलेली असते. ग्राइंडिंगच्या दगडाची कड नीट न करता ही गोलाई मोठी ठेवली तर शेलची कड तिच्यावर चढते आणि आवळताच पकडते. शेलच्या दोन्ही कडांना चमकती रेघ उमटली असेल तर हेच कारण. याच्या उलट गोलाई काढून कोपरा काटकोनी केला असेल तर क्रँक मोकळी फिरेल, पण ती क्रँक मला दिली तरी मी गाडीत घालणार नाही. क्रँक मोडते ती बहुतेक अशाच कोपऱ्यातून.

एवढं झाल्यावर एक सोपी पारख करा, माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. चारही शेलना ऑइल लावा, क्रँक ठेवा, आणि एकाच मेनची कॅप पूर्ण टॉर्कला आवळा. बाकीच्या नुसत्या हाताने लावा. क्रँक फिरवून बघा, कॅप ढिली करा, पुढची आवळा. एखादीच कॅप आवळली की जाम होत असेल तर भानगड त्याच जागेवर आहे: माप, कचरा, कॅप किंवा शेल. प्रत्येक एकेकटी आवळल्यावर मोकळी आणि चारही आवळल्यावर जड होत असेल, तर एकतर क्रँक वाकलीय किंवा ब्लॉकच्या चार भोकांची रेषा सरळ नाही. यातलं कोणतं, हे फिरवण्यातच कळतं. फेऱ्याच्या एका भागात जड आणि एका भागात हलकी लागली तर क्रँक वाकलेली. पूर्ण फेऱ्यात सारखीच जड लागली तर रेषा बिघडलेली किंवा सगळीकडे जागाच कमी. वाकलेली क्रँक व्ही-ब्लॉकवर दोन टोकांच्या जर्नलवर ठेवून मधल्या जर्नलना डायल गेज लावून पक्की करता येते. रेषा बिघडलेली असेल तर ब्लॉक लाइन बोअरिंगला, म्हणजे चारही भोकं एका रेषेत कापून घ्यायला, न्यावा लागेल. ते काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी करून मिळतं, घरी होण्यासारखं नाही. इंजिन एकदा पाणी संपून तापलं असेल तर रेषेवर आधी संशय घ्या.

क्रँकची पुढे-मागे हालचाल आवरणारे थ्रस्ट वॉशर लक्षात आहेत ना? ज्या मेनला ते बसतात तिथे त्यांची खाचा असलेली मऊ बाजू क्रँककडे आणि पोलादी बाजू ब्लॉककडे हवी. उलटे बसले तर क्रँक आडवी धरली जाते आणि सगळा दोष बेरिंगवर येतो. क्रँकची पुढे-मागे हालचाल डायलने मोजा. चार ते दहा थाउच्या दरम्यान आली की मी समाधानी असतो. ट्रॅक्टरमध्ये हे वॉशर कारपेक्षा लवकर झिजतात, कारण चालक क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो आणि क्लचचा सगळा दाब क्रँकला पुढे ढकलतो. ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीवर तर पाय क्लचवरून उतरतच नाही. नवे घालताना चालकालाही दोन शब्द सांगा.

क्रँक मोकळी फिरायला लागली की काम संपलं असं समजू नका. मोकळी फिरते म्हणजे जाम नाही, इतकंच. जागा नेमकी किती आहे ते मोजायला प्लॅस्टिगेज घ्या. ही मेणासारखी बारीक तार असते, ऑनलाइन मिळते. हिरवी एक ते तीन थाउसाठी, लाल दोन ते सहासाठी. तुम्हाला दोन्ही लागतील. ब्लॉक उलटा असला की क्रँकचं वजन ब्लॉकच्या शेलवर असतं, हे आपल्या सोयीचं आहे. जर्नल आणि शेल कोरडे पुसून जर्नलवर आडवा तुकडा ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक एक अंशही न फिरवता कॅप काढा आणि चपट्या झालेल्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल निमुळती आहे.

वर्कशॉपचा ढोबळ नियम असा की जर्नलच्या प्रत्येक इंचाला एक थाउ जागा. पावणेतीन इंची मेनला अडीच ते चार थाउ असली तर मी पुढे जातो, सव्वादोन इंची पिनला दोन ते तीन. ऑइल प्रेशरचा प्रश्न इथेच सुटतो, कारण बेरिंगच्या फटीतून बाहेर पळणारं ऑइल फटीच्या घनात वाढतं. जागा दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणून तीन थाउचं सहा झालं तर पंप कितीही चांगला असू दे, गरम पातळ ऑइलवर काटा खाली बसणारच. या इंजिनांत पूर्ण स्पीडला, नीट तापल्यावर, ३० ते ६० पौंड प्रेशर असायला हवं. आयडलला काटा उतरतो, ते चालतं.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली पण मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जुने शेल फेकलेत का? नसतील तर जपून, कोणत्या जागेचा कोणता ते लिहून ठेवा. क्रँक का खराब झाली ते त्यांच्यावर वाचता येतं, आणि ते न वाचता नवे घातले तर नव्यांचीही तीच गत होईल. फिरण्याच्या दिशेने बारीक ओरखडे आणि त्यात रुतलेले काळे कण म्हणजे कचरा. एअर क्लीनरमधून धूळ गेली, किंवा फिल्टर वर्षानुवर्षं बदललाच नाही. मुलामा एका बाजूला सरकून लिंपल्यासारखा दिसतो तेव्हा ऑइल पोचलं नव्हतं. तांबूस रंग सगळीकडे सारखा दिसतो तेव्हा बेरिंगचं आयुष्य प्रामाणिकपणे संपलं, त्यात वाईट काही नाही. कनेक्टिंगचा शेल वरच्या अर्ध्यात एका कडेला आणि खालच्या अर्ध्यात विरुद्ध कडेला झिजलेला दिसला की रॉड वाकलेला समजा. पाठ चकचकीत किंवा काळी डागाळलेली दिसली तर शेल हलत होता: कुणीतरी आधी कॅप घासली होती, पन्नी घातली होती, किंवा भोकच मोठं झालंय. खड्डे खड्डे पडलेला करडा पृष्ठभाग ऑइलमध्ये पाणी गेल्याची खूण आहे, मग हेड गॅस्केट आणि लायनरकडे बघा. चारही मेन ठणठणीत दिसत असतील आणि तरी काटा बसत होता, तर बेरिंगचा संबंध नव्हता. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग, पंप, नाहीतर नुसतं गेज. दुसरं एक गेज लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो इंजिन उघडण्याआधी करायचा असतो.

ग्राइंडिंगवाल्याकडे परत जायची वेळ आली तर क्रँक, बेरिंगचा सेट आणि तुमचा सोळा आकड्यांचा कागद, तिन्ही घेऊन जा. कागद समोर असला की चर्चा लवकर संपते. थाउ-दीड थाउ काढायचा असेल तर बहुतेक नुसत्या लॅपिंगवर भागत नाही, पुन्हा दगडावर घ्यावं लागतं. पॉलिश करताना पट्टा इंजिन फिरतं त्या दिशेने चालवायला सांगा. ग्राइंडिंगमध्ये धातूच्या बारीक कुसळ्या एका बाजूला झुकतात, त्या शेलला खरवडणार नाहीत अशा लोळवल्या पाहिजेत. क्रँक नायट्राइड केलेली असेल तर घासल्यावर वरचा कठीण थर गेलेला असतो, ती पुन्हा कठीण करून घ्यावी लागते. तेही तिथेच विचारा. आणि एकदा मॅग्नाफ्लक्सवर भेग तपासून घ्या. पन्नास वर्षांच्या क्रँकवर तेवढा खर्च करावा.

परत आणल्यावर क्रँकच्या आतली ऑइलची भोकं साफ केल्याशिवाय ती ब्लॉकजवळ नेऊ नका. बूच असतील तर काढा, रॉकेल किंवा डिझेल आणि लांब गोल ब्रशने प्रत्येक भोक आरपार घासा, हवा मारा, पांढरं कापड काळं निघायचं थांबेपर्यंत चालू ठेवा. दगडाची पूड तिथेच बसते आणि इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात नव्या शेलवर येते. ब्लॉकच्या गॅलरीलाही (आतल्या ऑइलच्या वाटांनाही) हेच.

जोडणी आता सोपी आहे. शेलची पाठ कोरडी, आत भरपूर ऑइल. थ्रस्ट वॉशर असलेल्या मेनची कॅप पूर्ण आवळण्याआधी क्रँक लाकडी हातोडीने पुढे-मागे एकदा ठोकून वॉशर जागेवर बसू द्या. बोल्ट तीन टप्प्यांत आवळा, प्रत्येक कॅपनंतर क्रँक फिरवून बघा. जड लागली तर तिथेच थांबा, सगळ्या आवळून मग शोधत बसू नका. कनेक्टिंग रॉडच्या कॅपचे नंबर रॉडच्या नंबरच्याच बाजूला यायला हवेत. टॉर्कचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही. या इंजिनांत वेगवेगळ्या सालांत रॉडचे नट बदललेत, चमकदार कॅडमियमच्या नटांचा टॉर्क कमी आणि काळ्या फॉस्फेटच्या नटांचा जास्त असतो. तुमच्या इंजिन नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच आवळा, आणि रॉडचे बोल्ट-नट नवेच घ्या. मागची दोरी बसवताना तिची टोकं हाउसिंगच्या सांध्यापेक्षा दहा ते वीस थाउ वर राहू द्या, ग्राफाइट ग्रीस चोळा. दोरी बसल्यावर क्रँक जड लागणारच, तेव्हा घाबरू नका. म्हणूनच बेरिंगची पारख दोरी घालण्याआधी करायची.

सुरू करण्याआधी फिल्टर ऑइलने भरून लावा. स्टॉपची दांडी ओढून ठेवा आणि स्टार्टरवर थोडं थोडं फिरवा, मधे स्टार्टरला विश्रांती द्या, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. ते दिसलं नाही तर दांडी सोडायची नाही. सुरू झाल्यावर तासभर आयडलला ठेवायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. मध्यम स्पीडला तापू द्या, मग हलक्या कामाला लावा. नांगर आणि ट्रॉली पहिल्या काही दिवसांत नको. पहिलं ऑइल लवकर काढा, आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उन्हात उघडून बघा. थोडी काळी पूड ठीक आहे. पितळेसारखा चमकता चुरा दिसला तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) पुन्हा उतरवा.

मला सांगताना तीन गोष्टी लिहा: चार मेन जर्नलची मापं, एकेक कॅप आवळल्यावर काय झालं ते, आणि क्रँक फेऱ्याच्या कोणत्या भागात जड लागते. शक्य असेल तर जुन्या शेलच्या आतल्या आणि पाठीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, उजेडात काढलेले. तोवर दोन्ही मिस्त्र्यांना चहा पाजा, आणि स्क्रेपर पेटीतच राहू द्या.